टाकीतला कडुलिंबाचा पाला

मंडळी, घरी आई आहे, म्हणून गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

माझ्या नव्या टाकीतल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही इथे फोरमवर सांगितलेलं औषध चालू होतं. काल तर त्यातले दोघे खायलाही लागले होते.

आज दुपारी जेवायला घरी आलो, तर टाकीतलं पाणी हिरवट झालेलं, त्यात कडुलिंबाचा पाला चुरून टाकलेला आणि सगळे मासे उताणे तरंगत होते.

आई टाकीजवळ स्टूल घेऊन बसली होती. म्हणाली, "कांजिण्याच आल्यात रे त्यांना. तुला आल्या होत्या तेव्हा याच पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायचे मी. किती लवकर बरा झालास!"

मी मासे बाहेर काढायला लागलो. खूप ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात तिने हळूच विचारलं, "पाला कमी पडला का रे?"

मी म्हटलं, "नाही गं, ते आधीच फार आजारी होते."

तिने डोळे पुसले. म्हणाली, "नवे आण. या वेळी ठिपके दिसले की लगेच पाला घालू, उशीर नको."

आता काय सांगू तिला?