झुंबरबाईचा शांतपणा

मंठ्यात झुंबरबाईच्या गिरणीवर दळण टाकायचं म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवायची, असं बायका म्हणत. ज्वारी दमट असली की बोल, डबा न पुसता आणला की बोल, आणि दोन्ही ठीक असलं तर उशिरा का आलीस म्हणून बोल. तरी गर्दी तिच्याकडंच असायची, कारण पीठ चांगलं आणि करमणूक फुकट. सून तृप्ती मात्र घरचीच. तिच्या वाट्याला करमणूक नव्हती, नुसती बोलणीच होती. नवी नवरी असतानाच सासूनं तिची भाकरी चारचौघीत हातात उंच धरून विचारलं होतं, "ही खायची का चुलीत घालायची?" तेव्हापासून तृप्तीनं दात आवळून संसार केला.

मग एका वर्षी मारुतीच्या देवळात सप्ताह बसला आणि काल्याच्या दिवशी झुंबरबाईनं माळ घातली. त्यानंतर ती हळूहळू बोलेनाशीच झाली. दमट ज्वारी आली तरी 'ठेव' म्हणायची. तृप्तीच्या हातून दूध उतू गेलं तरी चुलीकडं नुसती बघत राहायची. गल्ली म्हणाली, माळेचा गुण. सप्ताहाच्या महाराजांनी पुढच्या वर्षी कीर्तनात तिचा दाखला दिला आणि परतूर रोडला जळालेल्या पाणमोटारींची वायंडिंग भरायचं दुकान चालवणारा मुलगा सोमेश्वर समोर बसून डोळे पुसत होता. तृप्तीला तर हे सुख पचनीच पडेना. माहेरी आठ दिवस राहून आली, तरी कुणी 'आलात का महाराणी' म्हणालं नाही. तिनं देवाला नारळ फोडला.

एकदा गिरणीत पीठ करपलं. अर्ध्या गल्लीला वास गेला आणि झुंबरबाई गिरणीला खेटून बसलेली. "मिश्रीनं नाक मारलं हिचं," असं सगळे म्हणाले. सकाळी डोकं दुखायचं, तर मिश्री लावल्याशिवाय डोकं उतरत नाही म्हणून ती आणखी मिश्री घासायची. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. गिरणी तृप्तीकडं आली. घर, पोरं, दळण, सगळं तिच्याच अंगावर पडलं. पण ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून ते हलकं वाटायचं.

एके दिवशी ओट्यावर चार बायकांत बसलेली असताना झुंबरबाईचं लुगडं भिजलं. पाणी ओट्यावरून खाली ओघळलं, बायका उठून उभ्या राहिल्या आणि ती तशीच बसून बशीतला चहा पीत राहिली. ज्या बाईनं उभ्या जन्मात परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती. तृप्तीनं तिला आत नेलं, लुगडं बदललं.

"आत्या, निदान सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" झुंबरबाई म्हणाली. दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललेली असावी, तसा तिचा चेहरा होता. तृप्तीला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. सोमेश्वर म्हणाला, वय झालं. पण वय काय असं एकाएकी होतं? त्यानंतर रोज सकाळी गोधडी धुणं आलं. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात आणि घरात दुसरं माणूस मोकळं नसायचं.

झुंबरबाईला उंबरा दिसेना तेव्हा सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवला आणि तिला जालन्याला शिबिरात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू किरकोळ आहे. डोळ्यामागची नस सुजलीय. डोक्याचा एमआरआय करा आणि थांबू नका."

एमआरआय घेऊन ते संभाजीनगरला गेले. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र दाखवलं. कपाळाच्या मागं, नाकाच्या वर, मोसंबीएवढा पांढरा गोळा होता. "याला मेनिंजिओमा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या आवरणाला धरून वाढतो. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. पण वाढत राहतो आणि मेंदूला दाबतो. याला बरीच वर्षं झाली असणार. यांना वास येतो का?"

तृप्तीला करपलेलं पीठ आठवलं. "न्हाई," ती म्हणाली.

"आणि स्वभाव? आधी कशा होत्या?"

सोमेश्वर कौतुकानं सांगायला लागला. "आधी लई तापट होती साहेब. माळ घातल्यापासून बिलकुल देवमाणूस झाली. कुणाला शब्दानं दुखवत न्हाई."

डॉक्टरांनी पुन्हा त्या चित्रावर बोट ठेवलं. "मेंदूच्या पुढच्या भागावर दाब आला की माणसाला कशाचं काही वाटेनासं होतं," ते म्हणाले. "राग नाही, लाज नाही, दुःखही नाही."

"म्हंजे माझ्या मायची भक्ती खोटी?"

"भक्तीतलं मला कळत नाही. मी गाठीचं सांगतोय."

गाठ ठेवली तर आधी नजर जाईल, मग फिट्स, मग शुद्धच. काढायची तर कवटी उघडावी लागेल. रक्तस्रावाचा धोका आहेच. तृप्तीनं एवढंच विचारलं, "स्वभाव वापस येतो का?" डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचा येतो, किती ते आधी सांगता येत नाही. वास मात्र बहुधा गेला तो गेलाच.

परतीच्या एसटीत सोमेश्वर खिडकीबाहेर बघत बोलला, "सुखात हाय ती. कशाला डोस्कं फोडायचं तिचं? आन् तुला तरी काय तरास देऊन राह्यली?"

हेच तृप्तीच्याही मनात होतं, म्हणून तिला जास्त राग आला. पुन्हा ती बोलणी ऐकायची? पाठीचा काटा ढिला झालाय, हात सोलवटलेत, आणि त्यावर पुन्हा तेच? नको वाटलं तिला, अगदी मनापासून. पण घरी आल्यावर तिनं ताट वाढलं आणि झुंबरबाई भाकरी शोधत जमीन चाचपू लागली. ताट अगदी पुढ्यात होतं.

"आंधळी करून ठेवायची का तिला?" तृप्ती नवऱ्याला म्हणाली. "आन् शांत-बिंत काही न्हाई झाली ती. आत कुणी न्हाईच राह्यलं. भांडत व्हती तव्हा निदान घरात माणूस तरी व्हतं. काढा ती गाठ. बोलणी मला खायचीत, तुम्हाला न्हाई."

ऑपरेशन झालं. डोकं भादरलेलं, त्यावर पट्टी, डोळे सुजून बंद. काही दिवस झुंबरबाईला गाव कळेना की माणूस कळेना. तपासणीत गाठ साधी निघाली. फिटच्या गोळ्या चालू, पुन्हा एमआरआय करत राहायचा, असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. तृप्तीनं तिला पेज भरवली, न्हाऊ घातलं, धरून चालवलं. नजर थोडी सुधारली, गोधडी कोरडी राहू लागली. बाकी काहीच नव्हतं. तृप्तीला वाटलं, एवढंच परत यायचं होतं.

आणि एका सकाळी गिरणीतलं पीठ चिमटीत घेऊन झुंबरबाई म्हणाली, "हे असलं जाडंभरडं पीठ माणसाला द्यायचं का बैलाला? चांगले दिवे लावलेस तू माझ्या गिरणीत!" सोमेश्वर दुकानातून धावत आला आणि रडतरडत पेढे आणायला गेला. तृप्ती आत जाऊन जात्याजवळ बसली. बसली ती बराच वेळ उठलीच नाही. आनंद झाला होता. पण आता रोज हेच, हेही कळत होतं.

पुढं एका दुपारी झुंबरबाई ओट्यावर एकदम गप्प झाली. गाठ परत आली की काय, म्हणून तृप्ती हातातलं दळण टाकून उठली. ती जवळ गेली तर म्हातारीचे ओठ थरथरत होते.

"तृप्ते, तातेराव गेला न्हाई का गं?"

तातेराव तिचा पाठचा भाऊ, शहागडचा. माळ घातल्यानंतर एका वर्षानं गेला. झुंबरबाईला मातीला नेलं होतं. भावाचं प्रेत अंगणात आणि ही भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसलेली. लोक म्हणाले, केवढं वैराग्य.

"हो, आत्या. गेले."

"मी चहा मागितल्ता तिथं."

"हो."

"आन् रडले न्हाई मी."

तृप्तीला खोटं बोलता आलं नाही. "न्हाई रडलात."

मग झुंबरबाईनं गळा काढला. 'माझ्या बंधवा' म्हणत, ऊर बडवत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. तृप्तीनं तिचं खुरट्या केसांचं, टाक्यांचं डोकं छातीशी घट्ट धरलं. बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. "अगं, कोण गेलं?"

"तातेरावमामा."

"त्याला तर वर्षं झाली की!"

"त्यांना आत्ता कळलं," तृप्ती म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांनी पायऱ्यांशी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतले आणि ओट्यावर दाटीवाटीनं बसून झुंबरबाईच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.