न तापणारी राणी

मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. भुतं, करणी, अंगात येणं असलं काही निघालं की मी किती तावातावानं बोलतो, ते आमच्या पेठेत कुणालाही विचारा. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण माझ्या घरात एक पत्रा आहे, आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही.

आम्ही साखर पेठेत राहतो. दोन खोल्या, वर पत्रे, आणि मागची भिंत पश्चिमेला उघडी. उन्हाळ्यात दुपार कलली की ती भिंत अशी तापते की आई म्हणते, चूल कशाला पेटवायची, हिच्यावरच भाकरी भाजू.

माझ्या बायकोचं, कमलचं, पहिलं बाळंतपण माहेरी होटगीला झालं, ऐन वैशाखात. मुलगा होता. त्याला उन्हाची झळ लागली, ताप चढला आणि बारशाआधीच तो गेला. तेव्हापासून कमल उन्हाळ्याला भ्यायला लागली. पुन्हा दिवस राहिले, तर हे बाळंतपणही वैशाखातच येणार! ती दुपार झाली की नुसती माठाजवळ जाऊन बसायची. मला फार वाईट वाटायचं, पण ऊन काही माझ्या हातातलं नव्हतं.

आईनं तिच्या परीनं उपाय काढला. पोटुशीनं शूरांच्या तसबिरी बघाव्यात म्हणजे मूल तसं निपजतं, ही आमच्याकडची जुनी समजूत. "सूनबाईच्या डोळ्यांसमोर चार राजे लाव," आईचा हुकूम सुटला. "आणि कागदाचे नकोत, वाळवी खाते. ते नवीन पत्र्याचे निघालेत ना, ते आण."

पत्र्यावर रंगीत छापलेल्या या तसबिरी मंगळवार पेठेत बाबूभाईंच्या दुकानात भिंतभर टांगलेल्या असत. राजे मिळाले तीनच. चौथा म्हणून बाबूभाईंनी एका बाईची तसबीर पुढं केली. डोक्यावर पांढरा पदर, एक हात गुडघ्यावर, आणि खालचा नावाचा कोपरा गंजानं खाल्लेला.

"ही कोण?" मी विचारलं.

"राणी हाय मास्तर! नाव गंजलं, राणी ऱ्हायली की."

खाटेवरून समोर दिसायला हवं म्हणून मी सगळ्या तसबिरी त्या पश्चिमेच्या भिंतीलाच ठोकल्या. सायन्सचा मास्तर मी! तापणाऱ्या भिंतीवर लोखंडी पत्रा! पण आईपुढं आणि हौसेपुढं माझं सायन्स गप्प बसलं. राणीला मात्र आई राजांच्या रांगेत जागा देईना. "नाव ना गाव, ही कुठली राणी?" म्हणून ती एकटी खाली, जमिनीवर बसणाऱ्याच्या पाठीशी येईल अशी लागली.

चैत्र आला. राजे तापले. आई धूळ पुसायला गेली आणि बोटं फुंकत परत आली. आणि एका दुपारी मी शाळेतून येतो तो काय — कमल जमिनीवर बसून राणीला खुशाल पाठ टेकून डोळे मिटून पडलेली!

"अगं, भाजशील!" मी ओरडलो.

"अहो, हात लावून बघा तरी."

मी हात लावला. माठाला लावावा तसा गार... वरच्या राजाला लावला, तर चटका. पुन्हा राणी. गार!

मग मी हट्टालाच पेटलो. पत्रा उतरवून पाहिला, मागची भिंत कोरडी आणि कढत. राणी राजाच्या खिळ्यावर, राजा राणीच्या खिळ्यावर असंही करून पाहिलं. शाळेतला थर्मामीटर आणला. राजांना लावला की पारा वर चढे, राणीला लावला की खाली उतरे.

"कशाला छळता हो तिला?" कमल म्हणाली. "बसू द्या की आम्हाला."

त्या एका 'आम्हाला'वर मी थर्मामीटर मुकाट्यानं शाळेत नेऊन ठेवला.

वैशाखात मुलगी झाली. ऊन तर असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. आम्ही राणीला उतरवून पाळण्याच्या कडेला उभी केली. पोर भर दुपारी घाम न येता झोपे, आणि तिच्यापाशी कमलही झोपे. तिला उन्हाळ्यात अशी स्वस्थ झोपलेली मी कितीतरी दिवसांनी पाहिली. आई म्हणाली, "राणी बघितली, राणीच झाली!" पाळण्यातलं नाव काहीही असो, घरात पोरीला आम्ही राणीच म्हणतो.

पुढच्या उन्हाळ्यात पत्रा पुन्हा भिंतीवर होता. मी हात लावला आणि चटका बसला! खरं सांगतो, मला बरंच वाटलं. माझं सायन्स परत घरी आलं. मागच्या वर्षी काहीतरी चुकलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

तेवढ्यात शेजारची नरसव्वा आली. त्यांच्या घरी हातमाग. तिची सून पोटुशी होती. "मास्तर, तुमची बाई द्या की थोडे दिवस," ती म्हणाली. मी हसत हसत दिली. दुसऱ्याच दिवशी ती दारात हजर. "लई गार हाय वो! सून आमची सोडंना झालीय तिला." मी जाऊन पाहिलं. मागाच्या खोलीत, तशाच तापलेल्या भिंतीवर, राणी गार. सुनेला मुलगा झाला, तो चांगला बाळसेदार झाला, आणि पत्रा आमच्याकडे परत आला. आला तो गरम!

मी वर्गात मुलांना सांगतो की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. याला काय कारण आहे, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. पण घाई नाही... कारण मागच्या रविवारची गोष्ट सांगायची राहिली.

भर दुपार होती. आई पोरीला घेऊन शेजारी गेली होती, कमल पापड लाटत बसली होती. मी हातात फडकं घेऊन तसबिरी पुसत होतो. तीनही राजे पुसताना बोटं भाजली. मग खाली वाकून राणीवर हात ठेवला... आणि तिथंच थांबलो.

"अगं," मी म्हटलं, "इकडं ये जरा."

कमल पिठाच्या हातानंच आली. तिनं पत्र्याला तळवा लावला, माझ्याकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजू लागली. मोजता मोजता ती लाजली, आणि तिथंच जमिनीवर बसून राणीला पाठ टेकली.