म्हाळसाबाईचा एका वर्षाचा कागद

सोलापूरच्या कचेरीसमोर चिंचेखाली पेटी मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. बावीस वर्षं झाली. एकाच बाईचा एकाच माणसाविरुद्धचा तोच अर्ज दोनदा लिहायची पाळी मात्र माझ्यावर एकदाच आली, आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं.

एकोणीसशे अठ्ठावीस सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. म्हाळसाबाई करकंबकडची धनगरीण. नवरा साप चावून मेलेला, पदरात चाळीस मेंढरं. दीर गुंडा म्हणे, ती मेंढरं माझ्या कळपात सोड आणि माझ्या घरी भाकरीवर राब. ही नाही म्हणाली. त्यानं काठीनं हिचं डावं मनगट मोडलं. हाड बसलं ते वाकडंच. मेंढरं चारत चारत बाई सोलापूरपर्यंत आली होती. कळप कचेरीच्या कुंपणाबाहेर बसवून माझ्यापुढं उकिडवी बसली, आणि तिकडं शिपाई तिच्या नावानं शिमगा करत होता.

"अण्णा, सरकारनं गुंडाला सांगावं, हिला मारू नगंस. येवढंच लिवा."

एवढंच लिहून सरकारला समजत नाही. मी तिला कायदा सांगितला. एखादा माणूस मारामारी करील अशी भीती असली, तर एकशे सात कलमाखाली साहेब त्याच्याकडून मुचलका लिहून घेतो, की वर्षभर शांततेनं राहीन. वर जामीनही मागतो. मग मी दोन पानं भरून अर्ज लिहिला आणि तिला वाचून दाखवला. शांततेचा भंग, शांततेस धोका, शांतता राखणेकामी. चांगला उतरला होता.

"ह्यात माजं मनगट कुटं हाय?" तिनं विचारलं.

"बाई, मनगटाचं एवढं लागत नाही यात. शांतता महत्त्वाची."

"शांतता ऱ्हाऊ द्या तितंच. मनगट लिवा."

जागा उरली नव्हती. मी चिडून समासात बारीक अक्षरात मनगट लिहिलं. ते पुढं कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आता थंडीचे दिवस म्हणजे असले अर्ज ऐकणारे प्रांतसाहेब तंबू घेऊन फिरतीवर, आणि साहेबाबरोबर कोर्टही फिरतीवर. पहिली तारीख करकंबची पडली. बाई गेली, गुंडाही आला, तर साहेबाला ताप. दुसरी तारीखही करकंबचीच. बाई गेली तर तंबूच्या जागी नुसत्या खुंट्यांची भोकं. साहेब नातेपुत्याला गेले होते. सोलापुरात बसून तारखा लावणाऱ्या कारकुनाला याची खबर नव्हती आणि पर्वाही नव्हती. बाईनं मेंढरं नातेपुत्याकडं वळवली. तिथं पोचली तर गुंडा गैरहजर, म्हणून पुढची तारीख. असे दोन महिने गेले. वकील असता तर कधीच दमला असता. मेंढरांना एका जागी राहायची सवय नसते, म्हणून बाई टिकली.

अखेर नातेपुत्यालाच सुनावणी झाली. मी दुसऱ्या एका कामासाठी तिथं होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. साक्षीला आलेल्या चारही धनगरांनी काही पाहिलं नव्हतं. एकाची तर त्या वेळी नेमकी तिकडं पाठ होती म्हणे. अर्ज फेटाळला जाणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात साहेबांनी सहज गुंडाला विचारलं, "तू या बाईला मारलंस?"

"व्हय की सायेब," गुंडा छाती काढून म्हणाला. "माजीच भावजय हाय. दुसऱ्याच्या बाईला कदी बोट लावलं न्हाय म्या. गावाला इचारा."

आपण चांगल्या वागणुकीचा दाखलाच दिला, अशा तोऱ्यात तो उभा होता. साहेबांनी लेखणी उचलली आणि हुकूम झाला. एक वर्षाचा मुचलका आणि एक वजनदार जामीन, नाहीतर वर्षभर कैद.

गुंडाला जामीन कुणी राहीना. मघाशी ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, ते चौघेही मागं सरले. आठ दिवसांत हा कुणाला तरी फोडणार आणि जामीनदार गोत्यात येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गुंडा तुरुंगात गेला.

मला वाटलं, सुटली बाई. महिन्याभरात ती पुन्हा माझ्या पेटीसमोर हजर. कुंपणाबाहेर मेंढरं मावेनात.

"अण्णा, हे बी त्या कागदात व्हतं का?"

झालं होतं असं. जातीचा पंच सिद्धाप्पा गुंडाची साठ मेंढरं हाकत तिच्या मेंढवाड्यावर घेऊन आला होता. म्हणाला, तू त्याला आत घातलंस, आता त्याची मेंढरं तूच राख. जनावरानं कुणाचं काय केलंय? मला इतका संताप आला, की मी दौतीचं झाकण आपटलं. मारणारा सरकारच्या घरी बसून भाकरी खाणार आणि मार खाल्लेली त्याची मेंढरं वळणार! मी म्हटलं, "परत पाठव."

"पाठवली तर मरतील की," ती म्हणाली, आणि उठून गेली. तिचाही मला राग आला.

वर्ष सरलं. मुचलका वर्षाचा, कैद वर्षाची. म्हणजे गुंडा ज्या दिवशी सुटला, त्याच दिवशी हुकुमाची मुदतही संपली. ज्यानं हा कायदा केला त्याला हात जोडून विचारावंसं वाटतं, की बाबा, बाईला भीती वाटायची ती याच दिवसाची ना?

सुटल्यावर पंधरा दिवसांनी गुंडा स्वतःच माझ्यापुढं येऊन बसला. त्याला म्हाळसाबाईविरुद्ध अर्ज हवा होता.

"माजी मेंढरं फितवली तिनं. म्या हाक मारली की लांब पळत्यात. तिनं हाक मारली की धावत्यात."

"तू हाक मारल्यावर पुढं काय करतोस?"

"काय म्हंजे? धोंडा मारतो की, वळावी म्हनून."

मी विचारलं, मग आता मेंढरं चारतोस कशी? तो मान खाली घालून म्हणाला, तिच्या कळपामागनं चालतो. ती थांबली की थांबतो.

"हात उगारला होतास का?"

"एकडाव उगारला. ती बाजूला झाली आन् हाक मारायची बंद केली. तिच्या हाकेबिगर तीन दिस माजी मेंढरं पान्यावर गेली न्हाईत." अशा गोष्टीला कलम नाही असं सांगून मी त्याला लावून दिलं. त्या दिवशी मी फार दिवसांनी मनापासून हसलो.

आठवड्यानं म्हाळसाबाई आली. "कागदाचं वरीस सरलं न्हवं? नवा लिवा."

मी वैतागलो. "आता कशाला? तो मांजरासारखा मागनं चालतोय. सरकारला जमलं नाही ते तुझ्या मेंढरांनी केलं. पुन्हा तंबूमागं वणवण कशाला करतेस?"

तिनं ते वाकडं मनगट माझ्या पेटीवर ठेवलं.

"मेंढरू मरतंय, अण्णा. रोग आला की आठ दिसांत वाडा रिकामा. मग त्येचा हात कोन धरनार?"

साहेबाचा, पंचाचा, गुंडाचा राग मला येऊन गेला होता. आता माझाच आला. मेंढरांच्या भरवशावर राहा, असं मी या बाईला सांगत होतो, आणि वर हसलो होतो.

"साहेब फिरतीवर गेलेत," मी म्हटलं. "यंदा सांगोल्याकडं आहेत म्हणतात. तिथंच सापडतील याचा नेम नाही."

"हुडकीन की."

मी कोरा कागद घेतला, आणि या वेळी पहिल्याच ओळीत मनगट लिहिलं.