रांगेतली शेवटची घागर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्यातच दुष्काळ पडला. कचेऱ्यांवर पाट्या नव्या, नळ मात्र कोरडे. मी नांदेडहून बदलून आलेला चित्रकलेचा मास्तर. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. मुरुडकडच्या एका खेड्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. दर रविवारी मी लातूरहून तिथं जायचो. उपासना आटोपली की पाळकसाहेब मुलं माझ्या हवाली करत. त्यातली एक मुलगी चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणार होती. पास झाली तरच पुढं शिकवीन, असं तिचा बाप म्हणाला होता. तिच्यापेक्षा धास्ती मलाच जास्त.

तिचं अडायचं ते यथार्थदर्शनापाशी. गावात टँकर चावडीपाशी थांबायचा आणि लोक घागरी ठेवून नंबर लावायचे. धड्याला याहून बरी रांग कुठं मिळणार? मुलांना चावडीच्या ओट्यावर बसवलं. जवळचं मोठं, लांबचं लहान, हे घोकून घेतलं. तिनं सगळं नीट काढलं, पण रांगेतली शेवटची घागर सगळ्यांत मोठी.

"ही एवढी कशी?"

"आमची हाय ती, सर."

आमच्या वस्तीच्या घागरी कायम शेवटीच असायच्या. का, ते कुणी विचारत नसे. मी चित्र खोडायला लावलं. पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

"लांबची आहे ना? मग लहान काढ!"

"देवबी लई लांब हाय की. त्यालाबी आमी ल्हानच दिसतो का?"

"पेपरात देवाचा प्रश्न येत नाही," मी खेकसलो.

परतीच्या एसटीत मला चैन पडेना. पोरीनं रास्त विचारलं होतं आणि मी नुसती मास्तरकी गाजवली होती. माझीच मला लाज वाटली. पुढच्या रविवारी तिला घेऊन रांगेच्या शेपटाला, वस्तीच्या बाजूला जाऊन बसलो.

"आता इथून काढ."

तिची घागर कागदभर आली, गळ्याजवळच्या पोच्यासकट. पुढच्या घागरी लहान लहान होत गेल्या आणि टोकाला टँकर, चिंचोक्याएवढा. एक रेघ चुकली नव्हती.

"झालीस पास समज," मी म्हणालो. आनंदानं माझा आवाज चढला होता.

तेवढ्यात चावडीकडं गलका उठला. पाणी संपलं होतं. टँकर वळला आणि फुफाट्यात दिसेनासा झाला. लोक रिकाम्या घागरी उचलू लागले. ती तशीच बसून राहिली. कागदावरून नजर न काढता तिनं माझ्यापुढं हात केला.

"सर, खोडरबर द्या. टँकर गेला."