कोरड्या नदीतली जीप

आमच्यातल्या एका मित्राकडं लिलावात घेतलेली जुनी जीप होती. एका दुष्काळात दर रविवारी आम्हा बाकीच्यांना घेऊन तो परंड्याच्या बाजूला कोरड्या नदीत गाडी घालायचा. बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "धरून बसा, रस्ता आपुन करायचा!" गाडी उलटी घ्यायला त्याला कमीपणा वाटे, त्यापेक्षा तो सरळ काठावर चढवायचा.

एकदा वळणावर पुढचं चाक खचलं. खाली झिरा होता, पाण्यासाठी वाळूत उकरलेला खड्डा. तो पार बुजला. शेजारी एक म्हातारी वाटी-घागर घेऊन बसली होती. म्हणाली, "गाडीला पानी पायजे व्हय? थांबा, भरू द्या जरा."

आम्ही जीप ढकलून बाजूला केली. त्यानं हातांनी वाळू उपसली, गढूळ पाणी काढून टाकलं आणि नितळ पाणी येईस्तोवर उकिडवा बसून राहिला. म्हातारीनं पहिली वाटी त्यालाच दिली. "नगं, मावशी," म्हणत त्यानं ती तिच्या घागरीत ओतली.

मग मान मागं वळवून, आपल्याच चाकांच्या खुणांवरून, त्यानं जीप सडकेपर्यंत उलटी नेली. वाटेत एकदाच बोलला, "मागच्या रविवारी आपुन कुठनं कुठनं गेलतो रं?"