उडीतली जहाजं

शेजारीपाजारी तिला खेळवाली म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. चाळिशी उलटलेली बाई दिवसभर ताऱ्यांचा पट मांडून बसते, हे कुणाच्या पचनी पडत नसे. पण तिचं पोट त्यावरच होतं. टेबलावर मांडायचे युद्धाचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती नियम लिहायची, आणि यंदा तिच्या वाट्याला प्रकाशापेक्षा वेगानं जाणारी जहाजं आली होती.

नियम झकास जमला होता. जहाजानं उडी मारली की ते पटावरून उचलून आपल्या डबीत टाकायचं आणि तीन पाळ्यांनंतर हव्या त्या ताऱ्यावर उतरवायचं. डबीत काय आहे, ते ज्याचं त्यानं ध्यानात ठेवायचं. शत्रूला पत्ता नाही, आपल्यालाही जरा धाकधूक.

नवा नियम आधी बाबांवर घासून बघायचा, ही तिची जुनी रीत. बाबांनी बस डेपोत गाड्या सोडण्यात जन्म घालवला होता, आणि पटावर तर ते कुणाच्या बापाला ऐकत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं आरमार डबीत टाकलं आणि ते तिथंच राहिलं. बऱ्याच वेळानं ते पटाकडे बघत म्हणाले, "माझी जहाजं कुठं गेली? तू उचललीस का गं?"

बाबांनी तिच्यावर कधी असा आळ घेतला नव्हता.

"नियमच किचकट झालाय, बाबा," ती घाईनं म्हणाली आणि कामाला लागली. तीन पाळ्यांची एक केली. बाबा विसरले. डबी काचेची केली. विसरले. शेवटी जहाज पटावरच आडवं ठेवून एकेक घर सरकवायचं ठरवलं. नियमातले शब्द खोडताना बाबांचं नाव ती मनातसुद्धा घेत नव्हती. दोष नियमाचा असला की दुरुस्त करता येतो ना!

कंपनीत साहेबांनी नवा नियम वाचून कपाळावर हात मारला. "अहो, यापेक्षा माणसं पायी लवकर पोचतील!"

घरी येऊन तिनं नवऱ्याला पहिल्या नियमानं खेळायला बसवलं. तो पठ्ठ्या एका हातानं शेंगदाणे खात, फोनवर मॅच बघत खेळला आणि सहज जिंकला. "सोपं आहे की!" म्हणाला. ती त्याच्यावर अशी खेकसली की बिचारा शेंगदाणे घेऊन गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी ती पट घेऊन बाबांकडे गेली. बाबांनी आडव्या जहाजांकडे पाहिलं.

"पुन्हा सोपा केलास?"

"आधीचा चुकीचाच होता."

"दुसऱ्या कुणाशी खेळलीस तो?"

बाबांशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "हो."

"त्याला जमला?"

ती आडवी जहाजं उगाच नीट करत बसली. बाबांनी मान हलवली. "काल डेपोच्या कोपऱ्यावर उभा होतो. घराकडे कुठं वळायचं, तेच सुचेना. मला भीती वाटते गं. डॉक्टरकडे ने मला."

"जाऊ ना," ती म्हणाली आणि तारे मांडू लागली. "आधी एक डाव खेळू. फक्त एक."

"नको, बाळा," बाबांनी तिचे हात धरले. "आधी ने."