घरची बाज

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी तो म्हातारा भेटला. आत खाटा शिल्लक नाहीत असं कळल्यामुळे त्यानं हातगाडीवर घरची बाज आणली होती. बाजेवर त्याची बायको धापा टाकत होती.

"खाट मी आनली. आता डाक्टर तेवढा सरकारनं द्यावा," दोरी आवळत तो म्हणाला.

कर्मचाऱ्यानं बाज जमा करून घेतली आणि नियमानं रांगेतल्या पहिल्या रोग्याला दिली. तो माझा भाऊ होता. म्हातारी हातगाडीवरच राहिली. मी नको म्हणालो नाही.

बाजेचं एक टोक मी उचललं, दुसरं म्हाताऱ्यानं.

"दादा, भावाले लवकर बरं होऊ द्या," तो म्हणाला, "मंग माह्या बाजेवर माही बायको भरती होईन."